वाळवंटातले करांदे

माझी धाकटी सून कुवेतमधल्या मंगफ भागात राहते, सहाव्या मजल्यावर. तिच्याकडे कुणी पाहुणे यायचे असले की ती त्यांना आधी फोनवर एक यादी पाठवते: कुवेतला आलात की काय खायचं, कुठं खायचं, काय प्यायचं. मागच्या खेपेला मी तिच्याकडे गेले तेव्हा तिनं ती यादी मला वाचून दाखवली. भात-मटणाचं मजबूस, तंदुरातली रोटी, वेलची घातलेली कॉफी, आणि सगळ्यात शेवटी फगा. फगा म्हणजे वाळवंटात वाळूखाली उगवणारी अळंबी. वर्षातून जेमतेम दोन महिने मिळते, आणि तीही पाऊस वेळेवर झाला तर. इथले लोक तिच्यासाठी जीव टाकतात. नातवानं मला इंग्रजीत विचारलं, आजी, तू कधी खाल्लायस का? मी म्हटलं, खाल्लाय, आणि असा खाल्लाय की कुवेतात तसा कुणी ना त्याआधी शिजवला असेल ना त्यानंतर. तो पुढचं ऐकेल म्हणून मी नीट मांडी घालून बसले, तेवढ्यात त्याचा फोन वाजला. म्हणून इथं लिहिते.

तेव्हा आम्ही जुन्या शहरात, मातीच्या घरात राहायचो. दोन खोल्या, मध्ये अंगण, अंगणात एक बोराचं झाड आणि पाण्याची टाकी. सकाळ व्हायची ती पाण्याच्या गाडीच्या आवाजानं. गाडीवाला टाकीत नळी सोडायचा आणि पाणी भरेपर्यंत दारात उभं राहून खोकायचा. मग अम्माचा स्टो. तो पेटेपर्यंत अम्मा त्याला ज्या शिव्या द्यायची त्या मी इथं लिहीत नाही, सुना वाचतील. अब्बा बंदरावर एका गोदामात मालाची नोंद ठेवायचे. घरात बोलणं सगळं रत्नागिरीकडच्या आमच्या खाडीकाठच्या गावचं, बाहेर हिंदी, आणि गल्लीतल्या पोरींबरोबर खेळताना जे तोंडाला येईल ते. मी त्या वर्षी अकरा वर्षांची होते.

घरमालक आमच्या शेजारीच राहायचा. त्याला सगळे नोखदा म्हणायचे, म्हणजे आपल्याकडचा नाखवाच. तरुणपणी तो शिडाच्या गलबतातून इकडून खजूर न्यायचा आणि तिकडून इमारती लाकूड आणायचा. मुंबई त्याला पाठ होती. त्याचं हिंदी खलाशांचं होतं, त्यात बाईसुद्धा 'आता है' आणि बोकडसुद्धा 'आता है'. त्याची बायको उम्म जासिम अंगानं मोठी, आवाजानं त्याहून मोठी. दोन्ही घरांच्या मधल्या भिंतीत एक बुटकं दार होतं. त्यातून ती दिवसातून चार वेळा वाकून आमच्याकडे यायची आणि सरळ चुलीपाशी जाऊन भांड्यावरची झाकणं उघडून बघायची. अम्माला तिचा राग यायचा आणि ती आली नाही तर करमायचंही नाही.

आमच्या मुलखातले पुरुष त्या काळात कुवेतात खूप होते, पण बायकापोरांसकट राहणारी घरं बोटांवर मोजण्याइतकी. बाकीचे सगळे एका खोलीत आठ-आठ जण राहायचे आणि पाळीपाळीनं स्वयंपाक करायचे. बायका गावी. तीन वर्षांनी एकदा रजा, की परत आगबोट. अम्माच्या लग्नाला बारा वर्षं झाली तेव्हा एकदा ती हटून बसली. अब्बांना तिनं माझ्याकडून पत्र लिहवून घेतलं होतं, म्हणून मला शब्द न् शब्द आठवतो: 'मला तुमच्याजवळ राहायचं हाय. बाकी काय मागणं नाय.' अब्बा विरघळले. पण घरात शब्द चालायचा तो अब्बांच्या थोरल्या भावाचा, आमच्या मोठेअब्बांचा. त्यांनी एक वर्षाची परवानगी दिली आणि सांगितलं, वर्षानं मी स्वतः येईन, बघेन, आणि मग ठरवेन.

तर ते वर्ष संपलं आणि मोठेअब्बा आले. आगबोट त्यांना उतरवून पुढं बसऱ्याला जाणार होती आणि बारा दिवसांनी परत येणार होती. परतीची तिकिटं त्यांनी मुंबईलाच काढून ठेवली होती, आणि ती चार होती: त्यांचं, अम्माचं, माझं आणि माझ्या तान्ह्या भावाचं. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी ती सदऱ्याच्या खिशातून काढून अब्बांपुढं ठेवली. म्हणाले, "उद्या तुला ताप आला, नायतर या पोरांची आई आजारी पडली, तर हाय कोण इथं तुमचं? गावात हाक मारली की चाळीस माणसं धावतात. इथं हाक मारून बघ, वाळू येते का धावून." दाराआडून अम्मानं माझा दंड इतका घट्ट धरला की चार बोटं उठली. गावी मुलींची शाळा चौथीला संपायची. मी इथं पाचवीत होते. मलाही ती चार तिकिटं दिसत होती.

मोठेअब्बा माणूस वाईट नव्हता. फक्त त्यांना गाव सोडून जगात दुसरं काही असावं हे पटायचं नाही. येताना त्यांनी तांदूळ, कोकमाची सोलं, सुकं खोबरं, जवळा, बोंबील, आणि एका डब्यात चक्क गावच्या विहिरीचं पाणी आणलं होतं. हे पाणी चौथ्या दिवशी संपलं. अम्मानं मला खूण केली आणि मी गुपचूप टाकीतलं पाणी त्या डब्यात भरलं. मोठेअब्बा पुढं आठ दिवस तेच प्यायले आणि प्रत्येक घोटाला म्हणायचे, "याला म्हणतात पाणी." शिवाय जेठ आणि भावजय, म्हणून ते अम्माशी थेट बोलायचे नाहीत. दोघं एकाच अंगणात असायची, मध्ये मी. "रुकय्या, तुझ्या आईला सांग, मीठ कमी हाय." अम्माला ऐकू गेलेलंच असायचं, पण मी सांगायचं. मग अम्मा म्हणायची, "त्यांना सांग, मीठ वाढते." पुन्हा मी. बारा दिवसांत माझा घसा बसला.

अब्बांना वाटलं, या माणसाला इथलं खाणंपिणं एकदा गोड लागलं की निम्मं काम झालं. म्हणून ते रोज संध्याकाळी भावाला बाजार दाखवायला न्यायचे, आणि मी हट्टानं मागं लागायचे. पहिल्या दिवशी कॉफी. बाकावर बसलो, छोट्या कपात घोटभर कॉफी आली. मोठेअब्बांनी ती एका दमात घेतली आणि डोळे घट्ट मिटले. मग म्हणाले, "कोण आजारी हाय?" अब्बा म्हणाले, "कोणी नाय, ही कॉफी." "मग काढा कशाला दिला?" दुसऱ्या दिवशी तंदुरातली रोटी. सुपाएवढी रोटी बघून ते म्हणाले, ही खायची की अंगावर घ्यायची. तिसऱ्या दिवशी खजुराचे पंधरा प्रकार चाखवले. त्यांनी प्रत्येकाला मान हलवली आणि शेवटी म्हणाले, "सगळे खजूरच की." अब्बा रोज जाताना ताठ असायचे आणि येताना वाकलेले.

चौथ्या दिवशी मात्र नशीब उघडलंसं वाटलं. बाजारात एका म्हाताऱ्याच्या पोत्यात उकडून वाळवलेलं, लालसर, बोटाच्या पेराएवढं काहीतरी होतं. मोठेअब्बा आपणहून थांबले. त्यांनी मूठभर उचललं, वास घेतला, दोन तोंडात टाकले आणि त्यांचा चेहरा पहिल्यांदाच उजळला. "सोडे," ते म्हणाले. सोडे म्हणजे सोलून वाळवलेली कोळंबी. "जरा जास्त वाळवलेत, पण सोडे चांगले हायत. घे शेरभर." अब्बांची घालमेल मला दिसत होती. सांगावं की न सांगावं. मी अकरा वर्षांची शहाणी, मला कोण विचारणार. मी म्हटलं, "मोठेअब्बा, ते सोडे नाय, टोळ हायत." त्यांनी हातातल्याकडे नीट बघितलं. त्याला पाय होते, आणि ते मागं दुमडलेले होते. अब्बा घाईघाईनं म्हणाले, "हलाल हाय, भाईजान." मोठेअब्बा म्हणाले, "हलाल असेल. पण टोळ तो टोळ." घरी आल्यावर मला म्हणाले, "रुकय्या, तुझ्या आईला सांग, सामान बांधायला घे. ज्या मुलखात माणसं टोळ खातात तिथं मी आपली पोरं ठेवणार नाय." हा निरोप मी दिला नाही. पण अम्माला ऐकू गेलाच होता.

अम्मा त्या रात्री रडली नाही, ती भांडली. अब्बांना म्हणाली, "तुमी त्यांना बाजारातलं चारताव कशाला? माझ्या हातचं खाऊ द्या. शुक्रवारी मी असं जेवण करते की ते तिकिटं स्वतः फाडतील." अब्बांनी लगेच नोखदालाही जेवायला बोलावलं. त्यांचा हिशेब असा, की नोखदा बडा माणूस, हिंदी जाणणारा, तो भावाबरोबर चार शब्द बोलेल तर वजन पडेल. नोखदानं होकार दिला, आणि गुरुवारी सकाळी अब्बा कामावर गेल्यावर उम्म जासिम त्या बुटक्या दारातून आली ती डोक्यावर टोपली घेऊन.

टोपली तिनं अंगणात उतरवली. आत मातीनं माखलेली, वेडीवाकडी, गोल गोल, मुठीएवढी काहीतरी. उम्म जासिम बोलायला लागली. हातवारे करून, हसून, छातीवर हात ठेवून, बोटांनी सोलून दाखवून, पाण्यात घोळवून दाखवून, जवळजवळ पाव तास बोलली. अम्मानं माझ्याकडे बघितलं. ओट्यावर बसलेल्या मोठेअब्बांनीही माझ्याकडे बघितलं. कारण अब्बांनी पहिल्याच दिवशी मोठ्या कौतुकानं त्यांना सांगितलं होतं, "आपली रुकय्या अरबी फाडफाड बोलते." खरं सांगायचं तर मला गल्लीतल्या खेळापुरतं यायचं: पळ, पकड, तू चिडकी, माझी पाळी. उम्म जासिमच्या त्या पाव तासातलं मला काही म्हणजे काही कळलं नाही. पण मोठेअब्बा बघत होते. मी अगदी गंभीर चेहरा करून म्हटलं, "त्या म्हणतात, शेतातनं आणलंय. धुवायचं, उकडायचं आणि सोलायचं." अम्मानं एक उचलून वरची माती खरवडली आणि तिचा चेहरा फुलला. "अगो बाय, करांदे," ती म्हणाली. मी म्हटलं, "हो, तेच म्हणतात त्या."

करांदे म्हणजे आमच्या डोंगरातले वेलावरचे कंद. चवीला फार चांगले, पण त्यातले काही कडू निघतात, तोंड वाकडं करून सोडतात. म्हणून आमच्या बायका ते राख घालून उकडतात, पाणी टाकतात, पुन्हा राख घालून उकडतात, आणि खाज असलीच तर मरावी म्हणून वर सोलं घालतात. अम्मा म्हणाली, परक्या मुलखातले करांदे, यांचा काय भरवसा, तीनदा उकडू. पण राख कुठून आणायची? आमचा स्टो घासलेटचा. मग मला पातेली देऊन रोटीवाल्याकडे पाठवलं. तो वाळवंटातली झुडपं जाळून तंदूर तापवायचा. मी राख मागितली तेव्हा त्यानं तीनदा विचारलं, रोटी नको, राखच? मी हो म्हटलं. त्यानं पातेली भरून दिली आणि मी दारातून बाहेर पडेपर्यंत बघत उभा राहिला.

शुक्रवारी नमाजहून परत आल्यावर अंगणात चटई पसरली. अब्बा, मोठेअब्बा, नोखदा. आत दाराच्या पडद्यामागं अम्मा, उम्म जासिम आणि मी. तळलेलं पापलेट गेलं, तांदळाच्या भाकऱ्या गेल्या, भात गेला. नोखदा थोडं थोडं खात होता, पोटात जागा राखून. त्याची नजर सारखी आमच्या दाराकडे. मग अम्मानं मोठ्या थाटात कालवणाचं भांडं माझ्या हाती दिलं. राखेत तीनदा उकडलेला, सोलं आणि खोबरं घालून, वर जवळा भुरभुरवलेला फगा. मी तो मध्ये नेऊन ठेवला. अब्बांनी भांड्यात बघितलं. ते तेरा वर्षं कुवेतात राहिलेले, त्यांना ओळखायला वेळ लागला नाही. त्यांच्या कपाळावर घाम आला. मला वाटलं, तिखट जास्त झालं की काय.

नोखदानं एक तुकडा उचलला. तोंडात घातला. चावला, आणि चावतच राहिला. त्याची दाढी वर-खाली होत होती, बाकी चेहरा एकदम स्थिर. मग त्यानं गिळला आणि म्हणाला, "अच्छा आता है." आणि भांड्यातले सगळ्यात मोठे तुकडे स्वतःच्या हातानं निवडून मोठेअब्बांच्या ताटात घातले. इथं पाहुण्याला असंच वाढतात, मान देतात. मोठेअब्बांनी ते खाल्ले, आणि ताट पुढं केलं. नोखदानं आणखी घातले. त्यांनी तेही खाल्ले. चार वेळा घेतलं त्यांनी. अम्मा पडद्याच्या फटीतून बघत होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं होतं. माझ्या कानात म्हणाली, "बघ, चार वेळा. जिंकलो आपण."

तेवढ्यात उम्म जासिमनं तिच्या ताटलीतला तुकडा उचलून माझ्यासमोर धरला आणि हळू, एकेक शब्द तोडून, लहान पोराशी बोलावं तसं काहीतरी विचारलं. या वेळी मला कळलं. ती विचारत होती, माझा फगा कुठाय? फगा हा शब्द मला माहीत होता. गल्लीतल्या पोरी महिनाभर तेच बोलत होत्या. तिचा मुलगा जासिम भावांबरोबर तीन दिवस तंबू ठोकून वाळू उकरत होता. त्या वर्षी पाऊस कमी, सबंध कुटुंबाला मिळून एक टोपली मिळाली होती. ती त्यांनी घरी न ठेवता आमच्या पाहुण्यासाठी दिली होती. मी तिच्या हातातल्या तुकड्याकडे बोट दाखवलं. तिनं त्या तुकड्याकडे बघितलं. मग डोक्यावरच्या काळ्या कापडात तोंड खुपसलं आणि तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडते. ती हसत होती. पडद्यापलीकडे आवाज जाऊ नये म्हणून ती बाई स्वतःचा हात चावत होती. अम्मा मला विचारते, काय झालं त्यांना? मी म्हटलं, जवळा तिखट लागला.

सगळे गेल्यावर अब्बांनी अम्माला सांगितलं. तिनं माझ्याकडे बघितलं, आणि तिनं मला मारलं असतं तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "तुला कळलं नव्हतं, तर तसं सांगायचं होतंस." त्या वाक्याची लाज मला आजही वाटते. अरबी मी पुढं खरंच शिकले, अगदी कचेरीतले कागद वाचण्याइतकी, पण आजही एखादा शब्द अडला तर मी आधी 'कळलं नाही' म्हणते. ओट्यावर मोठेअब्बा घोरत होते. त्या दिवशी आणि पुढचे दोन दिवस तिकिटांबद्दल ते काही बोलले नाहीत, आणि अम्मानं मुकाट्यानं ट्रंक भरायला घेतली. माझी पाचवीची पुस्तकं तिनं तळाशी घातली.

आगबोट आली त्या सकाळी मोठेअब्बा आंघोळ करून तयार झाले आणि अब्बांना म्हणाले, "माझी एकट्याची ट्रंक घे." बाकीची तीन तिकिटं त्यांनी अब्बांच्या हातात ठेवली. म्हणाले, परत करता आली तर बघ. अम्मा दारात उभी होती ती तशीच उभी राहिली. धक्क्यावर मी आणि अब्बा त्यांना पोचवायला गेलो. अब्बांचं मन साफ, त्यांना राहवेना. ते म्हणाले, "भाईजान, एक सांगायचं हाय. शुक्रवारी खाल्लात ते करांदे नव्हते."

मोठेअब्बा म्हणाले, "मना काय सांगतोस? साठ वर्षं करांदे खातोय. तसली घाण मी जन्मात खाल्ली नव्हती."

"मग चार वेळा घेतलं ते?"

"मी नसतं घेतलं, तर त्या नाखव्याला खावं लागलं असतं." त्यांनी ट्रंकेचं कुलूप एकदा ओढून बघितलं. "मी त्याचं तोंड बघत होतो. काहीतरी मोठी वस्तू दिली होती त्यानं, आणि आपल्या बायकांनी तिची माती केली होती. हे त्याला कळत होतं, आणि तरी तो माझ्यासमोर 'अच्छा' म्हणत गिळत होता. का, तर तुझ्या बायकोची मान खाली जाऊ नये. असा माणूस भिंतीपलीकडे राहत असेल, तर हाक मारल्यावर येईल तो. मना तेवढंच बघायचं होतं." मग माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "शीक," आणि शिडी चढून गेले.

त्यानंतर अम्मा आणि अब्बा एकोणीस वर्षं एका घरात राहिले. लग्नानंतरच्या पहिल्या बारा वर्षांत दोघं मिळून किती दिवस एकत्र होते ते अब्बा गेल्यावर मी एकदा रजांवरून जुळवून बघितलं. अकरा महिने भरले.